इंधनप्रमुखांचे दोन कॅन

चंद्रपुरात जीपवाल्यांचा एक क्लब आहे. चिखल दिसला की गाडी त्यात घालायची, फसली की दुसऱ्या गाडीने ओढून काढायची आणि मग दोन्ही गाड्यांसमोर उभं राहून फोटो काढायचे, एवढंच त्या क्लबाचं कार्य. पण कार्य म्हटलं की पदं आली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गप्रमुख, भोजनप्रमुख अशी सगळी पदं वाटून झाली तेव्हा प्रफुल सरांसाठी काही उरलंच नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, यांना इंधनप्रमुख करून टाका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसले.

प्रफुल ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने हे पद इतकं मनावर घेतलं की टाळ्या वाजवणाऱ्यांना पुढे पश्चात्ताप झाला. प्रत्येक सहलीआधी तो सगळ्यांना एकत्र बसवून जादा पेट्रोल कसं न्यावं यावर व्याख्यान द्यायचा. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. हे वाक्य आता सगळे त्याच्याबरोबर म्हणायचे. मग प्लास्टिकचा डबा चालणार नाही, लोखंडी कॅनच हवा. काठोकाठ भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं, त्याला जागा ठेवायची. भरताना कॅन गाडीवर नाही, जमिनीवर टेकवायचा. मग तो उभा ठेवून, पट्ट्याने आवळून, गाडीच्या बाहेरच्या अंगाला बांधायचा, सायलेन्सरपासून लांब. माणसं बसतात तिथे तर कधीच ठेवायचा नाही. इथवर आलं की मागून हमखास शंका यायची, "सर, भाजी कोणती हाय आज?"

खरी गंमत पुढेच होती. क्लबातल्या बाकी सगळ्या गाड्या डिझेलच्या, नव्याकोऱ्या. पेट्रोल लागायचं ते एकट्या प्रफुलच्या जिप्सीला. ही जिप्सी मोहर्लीच्या गेटवर पर्यटकांना वाघ दाखवून दाखवून म्हातारी झालेली, तिच्या निवृत्तीनंतर त्याने घेतलेली. ती चालायची कमी आणि प्यायची जास्त. म्हणजे व्याख्यान देणारा तोच, आणि त्याची गरज असलेलाही तोच. पण जिप्सीच्या पाठीवर बांधलेले दोन हिरवे लोखंडी कॅन त्याच्या अभिमानाचा विषय होते, आणि ते तो गाडीआधी पुसायचा.

क्लबात त्याला मान होता तो मात्र वेगळ्याच कारणाने. तो पीत नव्हता.

म्हणजे आता पीत नव्हता. आधी प्यायचा, आणि थोडीथोडकी नाही. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला तो अशा अवस्थेत पोचला होता की पोरगी त्याला बघून स्टेजवरच गप्प झाली. मग ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या मेळाव्यात, भोवती हजारो माणसं असताना, त्याने पाचवं शील पुन्हा घेतलं, मद्याला हात लावणार नाही म्हणून. शेजारी हर्षा उभी होती. हर्षा त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "आता ह्या घरात तो वास आला तर मी पोरीले घेऊन सिंदेवाहीले माहेरी जाईन. भांडणार नाई. नुसती जाईन." हर्षा कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही, शाळेतही नाही आणि घरातही नाही. त्यामुळे प्रफुलला त्या वाक्याचं भय होतं आणि त्या भयाच्या जोरावरच त्याचे दिवस सुरळीत चालले होते.

जानेवारीत क्लबाची भामरागडची सहल ठरली. अर्धी मंडळी आदल्या दिवशीच पुढे गेली होती. हर्षाने विचारलं, "ते लोक पेतात. तुम्ही कायले जाता त्यायच्या संग?"

"मी इंधनप्रमुख आहो," प्रफुल म्हणाला. "आलापल्लीच्या पुढे पंपाचा भरवसा नाई. आन् गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथं कोण पेईल?"

हे त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली आणि गेली. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत मात्र ती टिकून आहे. कागदावर सरकारने टिकवली आहे आणि गावोगाव बायकांनी. हर्षाने त्याला दशम्या बांधून दिल्या.

संध्याकाळी त्याने पंपावर दोन्ही कॅन जमिनीवर टेकवून, वर जागा ठेवून, पेट्रोलने भरले. पहाटे निघायचं म्हणून जिप्सी निकेशच्या आवारात लावली. निकेश क्लबाचा अध्यक्ष. धंद्याने सडकांचा ठेकेदार, स्वभावाने दिलदार, आणि दोन्हीसाठी जिल्हाभर प्रसिद्ध. सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढे निकेशची मोठी डिझेल गाडी, मागे प्रफुलची जिप्सी. जिप्सीत त्याच्या शेजारी मिथुन बसला. मिथुनचं मोबाईलचं दुकान होतं. मागच्या बाकावर लग्नात असतो तसा तोटीचा, पाण्याचा मोठा जार ठेवला होता, त्यावर घोंगडी टाकलेली. पाण्याची सोय केलेली बघून प्रफुलला बरं वाटलं.

गोंडपिपरी येईपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं. "मिथुन, पेट्रोलचा वास येऊन राह्यला का तुले?"

"गाडी बुढी झाली सर तुमची," मिथुन म्हणाला. "कार्बोरेटर पाहून घ्या."

प्रफुलला ते पटलं. मिथुनने सिगारेट काढली तेव्हा मात्र त्याने डोळे वटारले. मिथुन आज्ञाधारक माणूस, त्याने सिगारेटचा हात गाडीबाहेर लांब काढला. "बाहेर हाय ना सर. तुमचा नियम मोडला नाई."

आष्टीचा पूल ओलांडला की पलीकडे तपासणी. शिपायाने निकेशची गाडी आतून बाहेरून उलटीपालटी केली, अगदी चटणीची बाटलीही हुंगली. मग तो जिप्सीकडे आला आणि कॅनवर टकटक केलं. "यात काय?"

प्रफुल खाली उतरला. त्याने वाफेपासून सुरुवात केली. पट्ट्यापर्यंत पोचला तोवर शिपायाने हात जोडले होते. "जा गुरुजी, जा तुम्ही."

पुढच्या चहाच्या टपरीवर निकेशने प्रफुलच्या पाठीवर थाप मारली. मिथुनने स्वतःच्या पैशाने भजी मागवली. "सर, तुम्ही संग असले का आपल्याले काईच टेन्शन नाई," निकेश म्हणाला. "तुमच्या गाडीले कोणी हात लावणार नाई." प्रफुलची छाती फुगली. एवढ्या वर्षांत शिक्षक म्हणून कोणी त्याचं इतकं कौतुक केलं नव्हतं.

आलापल्लीनंतर त्यांनी मोठा रस्ता सोडला. क्लबाला चांगला रस्ता चालत नाही, आणि हा आतला रस्ता तर ख्यातनाम होता. गाडी कमरेएवढ्या खड्ड्यात जायची आणि पलीकडे नांगरल्यासारख्या जमिनीतून वर यायची. या रस्त्याचं डांबरीकरण निकेशनेच केलं होतं. म्हणूनच क्लबाला ऑफरोडिंगसाठी इतकी उत्तम जागा मिळाली.

एका गावाच्या तोंडाशी बांबू आडवा लावला होता. बाजूला मोहाच्या झाडाखाली पाच-सहा बाया बसल्या होत्या, तीन दगडांच्या चुलीवर चहाचं भगुनं. गावाची दारूबंदी समिती ती हीच. सर्वांत वयस्क गिरजाबाई उठल्या, लुगड्याचा पदर खोचत पुढे आल्या.

"भाऊ, गाड्या बंद करा. पाहू द्या."

निकेशच्या गाडीत काही सापडलं नाही. मग गिरजाबाई जिप्सीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्या डबक्यात काय हाय?"

"पेट्रोल," प्रफुल म्हणाला, आणि श्वास घेऊन सुरुवात करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खोला."

"आधी ती चूल विझवा."

"काऊन? चहा मांडला हाय."

"पेट्रोल जळत नाही बाई, पेट्रोलची वाफ जळते."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गिरजाबाई म्हणाल्या, "मांगच्या मयन्यात एक जन डिझेलच्या डबकीत दारू घेऊन आला. वरतून डिझेल चोपडलं होतं. आमच्या गावचे लोक डिझेलसंगट प्याले. वासाचा काई भरवसा नाई राह्यला, भाऊ. आमी काडी लावून पाहतो. पयल्या धारेची असली तर निळी जळते." आणि त्यांनी कमरेची आगपेटी काढली.

प्रफुल दोन्ही हात पसरून कॅनसमोर उभा राहिला आणि त्याने पेट्रोल आणि आगपेटी या विषयावर आयुष्यातलं सर्वांत कळकळीचं व्याख्यान दिलं. बायांनी ते मन लावून ऐकलं आणि त्यातून एकच अर्थ काढला. माणूस काडीला एवढा घाबरतो, म्हणजे आत दारूच आहे.

"सर, सोडा ना," निकेश मागून म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता. "वापस जाऊ. दुसरा रस्ता हाय."

"काऊन वापस? आपण चोर आहो का?" प्रफुल आता पेटला होता. सहा महिन्यांपूर्वी कोणी त्याच्या गाडीत दारू शोधली असती तर त्याने मान खाली घातली असती. आज पहिल्यांदाच त्याच्याजवळ स्वच्छ मन होतं आणि ते सगळ्यांना दाखवायची संधी होती. त्याने मोबाईल काढला. रेंज होती. त्याने हर्षाला फोन लावला.

"हर्षा, इथं बायांनी गाडी अडवली आहे. यांना सांग, मी पितो का."

फोनच्या स्पीकरवर हर्षाचा आवाज आला. "पेत होते. आता नाई पेत." मग ती म्हणाली, "त्यायच्या गाडीत सापडली तर मले सांगा बाई. मलेही कामाचं हाय."

बायांमध्ये खसखस पिकली, पण प्रफुलला ते वाक्य बरोबर लागलं. कॅन उघडताना जवळ मोबाईल नको म्हणून त्याने तो समितीतल्या तरण्या वच्छलाच्या हातात दिला आणि तिला लांब उभं केलं. बोट ओलं करून वारा कुठून आहे ते पाहिलं, चुलीपासून दूर, उघड्या जागेवर कॅन नेऊन जमिनीवर टेकवला. अंगातली वीज उतरावी, ठिणगी पडू नये म्हणून हात पत्र्याला लावला. मग झाकण सावकाश ढिलं केलं. उन्हात तापलेल्या पेट्रोलच्या कॅनचं झाकण उघडलं की फुस्स होतं. तसं काही झालं नाही. इथेच त्याला कळायला हवं होतं.

झाकण निघालं आणि वास आला.

तो वास त्याला कोणी ओळखून द्यायची गरज नव्हती. चांगल्या प्रतीची व्हिस्की होती. निकेश हलकी कधीच घेत नसे. प्रफुल ओणवा होता तसाच राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की डोळ्यांतही पाणी आलं.

"भाऊ, काय हाय?" गिरजाबाईंनी विचारलं.

झाकण त्याच्या हातातच होतं.

"काय निघालं?" वच्छलाच्या हातातून हर्षाने विचारलं. मग पुन्हा, "काय निघालं, सांगा ना?"

प्रफुल सरळ झाला. सिंदेवाहीची बस त्याला डोळ्यांसमोर दिसत होती. खोटं बोलायलाही काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी गिरजाबाई शेजारी येऊन पोचल्या होत्या. "दारू," तो म्हणाला.

गिरजाबाईंनी दुसरा कॅन उघडायला लावला. त्यातही तेच. "एवढी?" त्या म्हणाल्या. "लगन हाय का कोनाचं?"

निकेशने कपाळावर हात मारला. "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. इतकं खरं की क्षणभर प्रफुललाच वाटलं, आपणच तर भरली नाही ना? "आमी तुमच्यावर भरवसा ठेवला. मिथुन, बोल ना." मिथुन बुटाकडे पाहत म्हणाला, "आमाले तं पेट्रोलच वाटलं."

क्लबाच्या अध्यक्षाला साजेसा मोठेपणा निकेशच्या अंगात होताच. त्याने प्रकरण हातात घेतलं. "बाई, मास्तर लोक हायेत, चूक झाली त्यायची. घरी लहान पोरगी हाय. बसून चहा घेऊ आन् मिटवू. पाणी आमचं घ्या, फिल्टरचं हाय." आणि तो जिप्सीकडे गेला, घोंगडी बाजूला केली, जार खांद्यावर उचलला आणि चुलीकडे निघाला.

प्रफुल उघड्या कॅनजवळ उभा होता. त्याचं डोकं एकाच हिशेबाशी अडलं होतं. मी काल दोन कॅन पेट्रोल भरलं. ते गेलं कुठे? सकाळपासूनची डोकेदुखी, मागून येणारा वास, मिथुनचा बाहेर लांब काढलेला हात. उत्तर मिळालं तेव्हा त्याच्या घशातून आवाजच फुटेना.

मिथुनला उत्तर आधीपासून माहीत होतं. रात्री आवारात कॅन रिकामे करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि निकेशने त्याला पेट्रोल कुठे ओतलंस म्हणून कधी विचारलंच नव्हतं. आता निकेश चुलीकडे चालला होता, जारची तोटी त्याच्या पाठीमागे थेंब थेंब गळत होती. मिथुनच्या चेहऱ्यावर त्या काही पावलांत सगळी मोजमापं झाली. बोलावं तर पोलीस, न बोलावं तर आग. तो इतका वेळ विचार करेल असं प्रफुलला वाटलं नव्हतं.

"निकेशभाऊ," मिथुन शेवटी म्हणाला, "तिकडे नका जाऊ. त्यात पेट्रोल हाय."

निकेश जागच्या जागी थिजला. गिरजाबाईंनी मात्र एक क्षण दवडला नाही. त्यांनी भगुन्यासकट चहा चुलीत उलटा केला आणि वरून फावड्याने रेती ओढली. तोवर प्रफुलला आवाज सापडला होता. "टेकव खाली. हळू. आता मागे सरक, तोटीला हात लावू नको. कोणीच जवळ येऊ नका." आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. एकानेही भाजी कोणती ते विचारलं नाही. चुलीवर आणखी रेती पडली, बाया मागे सरल्या, निकेशचा ओला शर्ट अंगावरून उतरवून लांब झुडपावर टाकला गेला. जानेवारीच्या गारठ्यात अध्यक्ष बनियनवर कुडकुडत उभे राहिले.

क्लबाने इंधनप्रमुखाचा एकही नियम वाया जाऊ दिला नव्हता. लोखंडी कॅन, वर सोडलेली जागा, पट्ट्याने आवळून, गाडीच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब. फक्त हे सगळं दारूसाठी केलं होतं. पेट्रोलला मिळाला होता लग्नातला प्लास्टिकचा जार, माणसं बसतात तिथे, घोंगडीखाली.

वच्छला लांबून फोनमध्ये सगळं सांगत होती. "बाई, तुमच्या मालकाची नाई निघाली. त्या दोघायची हाय. तुमच्या मालकाले मालूमच नोयतं."

गिरजाबाई आता निकेशकडे बारकाईने पाहत होत्या. शर्ट नसल्यामुळे असेल, पण त्यांना माणूस ओळखू आला. "तुमी सडकवाले न?"

"हो बाई. पोलिसाले नका बोलावू. मी तुमची सडक पुन्हा करून देतो."

"तुमच्या कागदावर तं ते कवाचीच झाली हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "झालेली सडक अजून किती डाव करान?" आणि त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावायला सांगितलं.

एक कॅन पोलिसांना दाखवायला ठेवायचा आणि एक गावाला दाखवून ओतायचा, अशी तिथली रीत होती. दुसरा कॅन कोणी ओतायचा यावर जरा चर्चा झाली. शेवटी गिरजाबाईंनी प्रफुलकडे बोट केलं. "तुमचा डबा हाय, तुमीच वता."

त्याने कॅन उचलला आणि तिरका केला. दारू घळघळ रेतीत जाऊ लागली. गाव बघत होतं, एक म्हातारा तर टोपी काढून उभा होता. प्रफुलने तोंड एका बाजूला फिरवून घेतलं, पण वास काही तोंड बघून येत नाही. कॅन रिकामा व्हायला फार वेळ लागला असं त्याला वाटलं. नंतर त्याने जारमधलं पेट्रोल जिप्सीच्या टाकीत ओतलं, इंजिन पूर्ण थंड झालं आहे याची खात्री करून. कॅनमध्ये ते परत भरायला तो तयार नव्हता. त्यात आता दुसऱ्याच गोष्टीचा ओलावा होता.

मग वच्छलाने त्याच्याकडे फोन आणून दिला. "लाइनवरच हायेत बाई."

प्रफुल मोहाच्या झाडापलीकडे गेला. त्याला आता हलकं वाटत होतं. निर्दोष सुटलो, तेही सगळ्या गावासमोर, आणि बायको ऐकत असताना. "ऐकलं ना सगळं?" तो म्हणाला. "मी सांगत होतो ना तुले, माझ्या गाडीत—"

"ऐकलं," हर्षा म्हणाली. "एक विचारू?"

"विचार."

"झाकण खोलल्यावर मी दोनदा विचारलं काय निघालं. तुम्ही इतका वेळ बोलले काऊन नाई?"

पलीकडे शाळेची मधली सुटी असावी, पोरांचा गलका ऐकू येत होता. प्रफुलजवळ उत्तरं पुष्कळ होती. धक्का बसला होता. उघड्या कॅनजवळ बोलू नये. रेंज गेली होती. यातलं कुठलंही तिने मानलं असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं.

"वास घेऊन राह्यलो होतो," तो म्हणाला.

गलका तसाच ऐकू येत राहिला. कोणीतरी पोरगं तिला बाई बाई म्हणून हाक मारत होतं, तिने त्याला थांब म्हटलं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "घरी या. रस्त्यानं बोलत राहा माझ्यासंग. फोन ठेवू नका."